अनंत आणि आरओचं फुकटचं पाणी

माझा पहिला अनंत हा अनंत नव्हताच. २०१८ मध्ये आम्ही वाघोलीत राहायला आलो, पूर्वेकडची गॅलरी मिळाली, आणि सामान लागायच्या आधीच मी नर्सरीतून ‘डबल अनंत’ म्हणून एक रोप उचललं. भरगच्च पांढरी फुलं यायला लागली, पण वास नावापुरताच. देवरुखहून आई आली तेव्हा तिने एक पान खुडलं, देठाला आलेला पांढरा चीक बोटावर घेऊन माझ्या नाकासमोर धरला.

“अगो, ही तगर. अनंताला चीक असतो होय?”

तगरीवर माझा राग नाही. ती अजून आहे आणि तिला कुठलंही पाणी चालतं. अनंताचं तसं नाही, हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली.

२०१९ च्या जूनमध्ये माहेरी गेले तेव्हा विहिरीच्या कठड्याजवळच्या झाडाच्या सहा फांद्या कापून आणल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, ना कोवळ्या ना पुरत्या लाकूड झालेल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर. घरी आल्यावर खालची पानं काढली, वरची दोन ठेवून तीही निम्मी कापली, कोकोपीट आणि रेतीत खोचल्या आणि वर पाण्याच्या बाटलीचा कापलेला भाग टोपीसारखा घातला. सातव्या आठवड्यात तीन फांद्यांनी मुळं धरली. बाकीच्या तीन काळ्या पडल्या. एक रोप शेजारच्या काकूंना दिलं, दोन मी ठेवली. काकूंना दिलेलं ते रोप लक्षात ठेवा.

पहिला हिवाळा छान गेला. पानं इतकी चकचकीत की कुणीतरी तेल लावून पुसलीत असं वाटावं. मग २०२० चा एप्रिल आला. टाळेबंदी, आम्ही चौघं दिवसभर घरात, तीन वेळचं जेवण घरात, आणि पाण्याचा फिल्टर सारखा चालू. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, म्हणून आरओ. त्याच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते मी बादलीत धरायचे आणि झाडांना घालायचे. एक थेंब फुकट घालवायचा नाही, याचा मला जरा अभिमानच होता. सोसायटीच्या ग्रुपवर मी तसा उपदेशही केला होता.

मेमध्ये अनंत पिवळा पडला. जुनी पानं नाही, शेंड्याची नवी पानं. पानाचा पडदा फिकट लिंबासारखा आणि शिरा मात्र हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या. मला तेव्हा यातलं काही वाचता येत नव्हतं. पिवळं म्हणजे खत कमी, एवढंच माझं ज्ञान. शेणखत घातलं. चहाचा चोथा घातला. गंजके खिळे पुरले. ऑफिसातल्या एकीने सांगितलं म्हणून चुलीतली राख मागवून घातली, तेव्हा तर झाड आठ दिवसांत आणखी उतरलं. हिराकस पाण्यात विरघळवून घातली, आठवडाभर काहीतरी फरक वाटला, मग जैसे थे. आईला रोज व्हिडिओ कॉलवर पानं दाखवायचे. ती म्हणायची, “पाणी जास्त घालतेस.” कमी केलं, तर पानांच्या कडा करपल्या.

जुलैत पाऊस लागला. पावसाचे झोत गॅलरीत येतात म्हणून कुंड्या कठड्याला लावून ठेवल्या होत्या. महिनाभरात नवी पालवी हिरवी आली. मी अर्थातच ते श्रेय शेणखताला दिलं.

नोव्हेंबरात पुन्हा पिवळं. एक रोप त्या हिवाळ्यात गेलंच.

मार्चमध्ये काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते. त्यांच्या बाल्कनीत माझ्याच फांदीचं झाड, माझ्याहून दीडपट उंच, काळपट हिरवं. मी विचारलं, काय घालता? “काही नाही गं. एसीच्या नळीखाली बादली आहे, भरली की ओतते.” बोअरचं पाणी त्या घालतच नव्हत्या, त्यांना खाली वाकून नळावरून बादली भरायचा कंटाळा. हवेतली वाफ थंड होऊन जे पाणी गळतं त्यात क्षार जवळजवळ नसतातच. पावसाचंही तेच. तिथे पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला, पण पूर्ण नाही.

तो पडला फिल्टरची सर्व्हिस करणाऱ्या मुलामुळे. त्याच्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन होतं. नळाचं पाणी ८२०. प्यायचं पाणी ६०. मी म्हटलं, बादलीतलंही बघ ना. ११८०. तो कुंड्यांकडे बघून म्हणाला, “ताई, हे लादी पुसायला ठेवा. नाजूक झाडांना कशाला घालताय?”

साधी गोष्ट आहे, पण मला कधी सुचली नव्हती. आरओ क्षार नाहीसे करत नाही, बाजूला काढतो. प्यायच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात जाऊन बसतात. म्हणजे मी वर्षभर नळाच्या पाण्यापेक्षाही जड पाणी बादली-बादलीने ओतत होते. कुंडीच्या काठावर पांढरा थर होता, तो मी मातीच्या कुंड्यांना येतोच असं समजून दर रविवारी घासत होते!

पुढचं वाचून कळलं. अनंत मूळचा दक्षिण चीन-जपानकडचा, पावसाळी आणि आंबट मातीतला. इंग्रजीत त्याला ‘केप जास्मिन’ म्हणतात ते चुकीने. दक्षिण आफ्रिकेच्या केपशी त्याचं काही नातं नाही आणि तो जाईजुईच्या कुळातलाही नाही. तो कॉफीच्या कुळातला. ‘गार्डेनिया’ हे नाव पडलं ते अलेक्झांडर गार्डन नावाच्या अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्कॉटिश डॉक्टरवरून, बागेवरून नव्हे. आपल्याकडे लहान मुलांना देतात ती डिकेमाली याच्याच भाऊबंदांच्या झाडाचा डिंक. असो.

मुद्दा मातीच्या सामूचा, म्हणजे पीएचचा. अनंताला तो ५ ते ६.५ च्या आसपास हवा. कोकणातल्या जांभ्या मातीत तो आपोआप मिळतो, म्हणून आईच्या झाडाला कुणी कधी खत घातलेलं मला आठवत नाही. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतला सामू चढत जातो आणि साडेसात-आठच्या पुढे मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. लोह झाडात जुन्या पानांकडून नव्याकडे सहज सरकत नाही, म्हणून आधी शेंडा पिवळा पडतो. नत्र कमी असतं तर खालची पानं आधी पिवळी पडली असती. एवढं एक वाक्य मला मे महिन्यात कुणी सांगितलं असतं तर! राख तर अल्कधर्मीच, ती आगीत तेल ठरली. खिळे गंजून माती लाल झाली, झाडाला काही नाही. हिराकशीतलं लोहही अशा मातीत गेल्यावर लवकरच अडकून बसतं.

मातीही तपासायची सोडली नाही. कुंडीत निम्मी माती सोसायटीच्या खोदकामातली काळी होती. तिच्यावर व्हिनेगर ओतलं तर चक्क फसफसली. चुनखडी.

मग दुरुस्ती. २०२१ चा जून सुरू होईपर्यंत थांबले, कारण उन्हाळ्यात मुळं उघडी करायचा धीर नव्हता. पहिल्या दोन पावसांनंतर झाड काढलं, मुळांभोवतीची काळी माती पाण्याच्या हलक्या धारेखाली सोडवली, मुळं फार तोडली नाहीत. नवं मिश्रण: दोन भाग देवरुखची लाल माती (आईने सिमेंटच्या गोणीतून पाठवली, एसटीच्या कंडक्टरने काय काय ऐकवलं ते वेगळंच), एक भाग पालापाचोळ्याचं खत, एक भाग कोकोपीट. कोकोपीट तीनदा धुऊन घेतलं. त्यातही मीठ असतं. वर मूठभर नाही, चमचाभर गंधकाची भुकटी. गंधक लगेच काम करत नाही, मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात, त्याला महिने लागतात. म्हणून दोन्हीची घाई करू नये, गंधकाची आणि आपली.

लोहासाठी कृषी सेवा केंद्रात गेले. तिथे आधी ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, पुढे केलं. ते सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. चढ्या सामूतही टिकणारं ईडीडीएचए मागितलं तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं. महाग आहे, पण लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, संध्याकाळी मातीत. पाणी रुहअफ्जासारखं लाल होतं आणि फरशीवर सांडलं तर डाग राहतो, हे मी किंमत मोजून शिकले. तीन आठवड्यांत शेंड्याची नवी जोडी हिरवी आली. फार पिवळी झालेली पानं मात्र तशीच राहिली आणि गळली.

पाण्याचं गणित असं बसवलं: पावसाळ्यात गच्चीच्या पाइपाला २०० लिटरचा ड्रम, झाकण घट्ट आणि तोंडाला कापड, नाहीतर डासांची शेती. ते संपलं की काकूंचं एसीचं पाणी. तेही नसेल तर नळाच्या दहा लिटर पाण्यात पाऊण चहाचा चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, आणि पीएचच्या कागदी पट्टीवर सहा-साडेसहा आलं की बास. प्रत्येकाच्या पाण्यात क्षार वेगळे, त्यामुळे माझा चमचा तुमच्याकडे चालेलच असं नाही, पट्टी लावून बघावी.

२०२२ च्या फेब्रुवारीत पहिल्या कळ्या आल्या. अकरा. पिळा घातलेल्या, हिरव्या, मेणबत्तीच्या वातीसारख्या टोकाच्या. मी आनंदाच्या भरात कुंडी दिवाणखान्यातून दिसेल अशी दुसऱ्या कोपऱ्यात नेली, जिथे दुपारचं ऊन येतं. पंधरा दिवसांत अकराच्या अकरा कळ्या पिवळ्या पडून फरशीवर. जागा बदलली, ऊन बदललं, आणि त्यात दोन दिवस लग्नाला गेलो तेव्हा पाणी चुकलं. कळीवर असताना या झाडाला काहीही बदललेलं चालत नाही. आईचं म्हणणं, “रुसलं.” मला त्याहून बरा शब्द सापडलेला नाही.

कुंडी मूळ जागी गेली. सकाळचं ऊन, अकरानंतर हिरव्या शेडनेटची सावली, बुंध्याशी नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन, पाणी रोज सकाळी ठरल्या वेळी. एप्रिलमध्ये दुसरी खेप आली, सहा कळ्या.

आणि मग एका सकाळी दोन फांद्या बोडक्या. खाली फरशीवर मिरीएवढ्या काळ्या लेंड्या. अर्धा तास शोधल्यावर एक हिरवी, जाड, शेपटीवर काटा असलेली अळी सापडली, पानाच्या देठासारखीच रंगाची. पारदर्शक पंखांच्या पतंगाची असते ती, जो दिवसा भुंग्यासारखा फुलांसमोर तरंगतो. मी तो पतंग आदल्या आठवड्यात कौतुकाने मुलीला दाखवला होता. मारवली नाही. खाली सोसायटीच्या बागेत त्याच कुळातली एक्झोरा आहे, तिच्यावर नेऊन सोडली. माळ्याला सांगितलेलं नाही.

सहांतल्या चार कळ्या टिकल्या. पहिली मेच्या शेवटच्या आठवड्यात उमलली. संध्याकाळी पाहिली तेव्हा पिळा सैल झाला होता. रात्री साडेदहाला ओट्यावर भांडी लावताना एकदम वास आला आणि मी हातातलं पातेलं तसंच ठेवून गॅलरीत गेले. आईला कॉल लावला. तिने फूल आधी पाहिलंच नाही.

“शेंडा दाखव.”

दाखवला. हिरवा होता.

फूल दुसऱ्या दिवशी साईच्या रंगाचं झालं, तिसऱ्या दिवशी पिवळट. तोवर मी ते तोडलं नाही, देवालाही वाहिलं नाही. दुसरं वाहिलं. तिसरं काकूंना दिलं, बादलीच्या बदल्यात. त्यांच्या झाडाला मात्र अजून एकही कळी नाही, कारण त्यांच्या बाल्कनीत ऊनच येत नाही. या जूनमध्ये ते माझ्याकडे आणायचं ठरलंय. दुसरा ड्रम सांगून ठेवलाय.