तुम्ही विचारलंत म्हणून: मोडी शिकताना वही कशाला?

मोडी ही मराठीची जुनी लिपी शिकायला नव्यानं आलेलं कुणी माझी वही चाळू लागलं की हटकून विचारतं, "एवढं लिहीत बसण्यापेक्षा आणखी दोन पत्रं वाचून झाली असती की!" झाली असती. पण आपण नेमके कुठे अडतो ते कळलं नसतं.

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचा केवढा तरी कारभार मोडीत आहे. पुरालेखागारात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेतच, शिवाय कितीतरी घरांत जमिनीचे, वाटणीचे कागद ट्रंकेत पडून आहेत. मुळाक्षरं लवकर येतात. अस्सल कागद हातात आला की मात्र कस लागतो. आधी ओळभर रेघ ओढलेली, तिच्याखाली लेखणी फारशी न उचलता लिहीत नेलेली अक्षरं. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ नाही.

म्हणून मी पत्राची झेरॉक्स डाव्या पानावर चिकटवते आणि उजवीकडे ओळीला ओळ बालबोध, म्हणजे देवनागरीत, उतरवते. शब्द लागला नाही तर अंदाजानं भरत नाही, जागा कोरी सोडते. कशामुळे अडलं ते समासात लिहिते: अक्षर, फारसी शब्द, सन. वहीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा समास.

एकदा सगळे समास सलग वाचले, तर 'सन' हा शेरा पानोपानी. अक्षरं लागत होती, सन लिहायला वापरलेले अंकांचे अरबी शब्द ओळखीचे नव्हते. 'समान सबैन मया व अलफ' म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार: शुहूर सन (मृगापासून सुरू होणारी जुनी कालगणना) 1178. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1777. तारीख जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर 600 मिळवून 1778. सबा सात आणि सबैन सत्तर, इथं तर डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. मग पत्रं बाजूला ठेवून आधी ते अंक पाठ केले. वही नसती तर मी अक्षरंच गिरवत राहिले असते.

दुसरी गोष्ट, प्रगती मोजायची तर जुनंच पत्र घ्यावं. प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं, त्यामुळे नवं पत्र अवघड गेलं म्हणजे आपण मागे पडलो असं नव्हे. चार-सहा महिने जाऊ द्यावेत, मजकूर विसरू द्यावा, उजवं पान झाकावं आणि तेच पत्र वेगळ्या शाईनं पुन्हा उतरवावं. कोऱ्या जागा भरलेल्या दिसतात तेव्हा जो आनंद होतो, तो कुणाच्या शाबासकीनंही होत नाही मला.

सध्या समासात विशेषनामांची गर्दी आहे. क्रियापद संदर्भानं ओळखता येतं, वाडीचं किंवा माणसाचं नाव तसं येत नाही. म्हणून करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड तालुक्यांतल्या गावांची यादी काढून वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवली आहे. तुमच्याकडे जुन्या वाड्यावस्त्यांची नावं असतील तर जरूर सांगा.