कोरडा शिरखुर्मा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असा शाळेचा निरोप आला, तेव्हा मी आधी कार्यालयात जाऊन जुने जनरल रजिस्टर पाहू देण्याची विनंती केली. १९८३ साली मी पाचवीत दाखल झालो. त्या पानावर माझ्या नावापुढे धर्माच्या रकान्यात 'हिंदू' असे लिहिले आहे. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. माझी आई मुसलमान आहे. आणि ते रजिस्टर ज्यांनी बांधले, पाठीला तपकिरी कापड लावून ज्यांनी त्याचे कोपरे चामड्याने मढवले, ते तिचे वडील, माझे नाना. शाळेची हजेरीपत्रके आणि ग्रंथालयातील फाटकी पुस्तके दर मे महिन्यात त्यांच्याकडे बांधायला जात असत.

आईवडिलांचे लग्न १९७१ साली, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाले. दोघांपैकी कोणीही धर्म बदलला नाही. त्यांच्या विवाहाची नोटीस ३० दिवस निबंधकांच्या कार्यालयात लागली होती, आणि त्या ३० दिवसांत दोन्हीकडच्या नातलगांनी काय काय ऐकवले ते आई आजही फारसे सांगत नाही. एकत्र कुटुंबातल्या हिंदूने या कायद्याखाली परधर्मात लग्न केले, तर कलम १९ प्रमाणे तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाते, ही गोष्ट एका चुलत्यांनी वडिलांना मुद्दाम वकिलाकडून समजावून दिली होती. ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ सालीच आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना कायद्याची मान्यता दिली, त्याच गावात अर्धे शतक उलटून गेल्यावर हे घडत होते.

नानाही त्या लग्नावर खूश नव्हते. माझा जन्म होईपर्यंत ते आमच्या घरी आले नाहीत. मात्र एकदा आले, ते येतच राहिले. ते मूळचे गडहिंग्लजकडचे. शिकण्यासाठी कोल्हापुरात येऊन दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगात राहिलेले. मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ साली संस्था निघाली, तेव्हा महाराजांनी तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले होते. नाना महाराजांचे नाव घेताना हातातले काम थांबवत, ते मी अनेकदा पाहिले आहे.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, माळकरी होती. घरात अंडेही येत नसे. ईदच्या सकाळी नानांच्या घरून आमच्याकडे शिरखुर्मा यायचा तो पातेल्यातून नाही, कागदाच्या पुड्यांतून. एकीत शेवया, एकीत खारीक, एकीत चारोळी आणि बदाम, एकीत खसखस, आणि वर मोजून साखर. दूध आजीने आपले घ्यायचे आणि आपल्या चुलीवर, आपल्या भांड्यात शिजवायचे. "आमच्या घरचं शिजवलेलं तुम्हाला चालायचं नाही विहीणबाई, आणि तुम्ही खाल्ल्याबिगर आमची ईद व्हायची नाही," असे नाना म्हणाले होते म्हणे. गणपतीत याची परतफेड होत असे. आरतीच्या वेळी नाना आले, तर ते बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहत. आत येऊन टाळ्या वाजवत नसत आणि प्रसादही घेत नसत. पाहुण्यांपैकी कोणी कुजबुजले की आजी म्हणे, "त्यांचा नेम आहे तो." मग देवापुढे न ठेवलेली केळी ती वेगळ्या ताटलीत घालून त्यांच्यापुढे करी.

हे मी जरा विस्ताराने सांगतो आहे, कारण हिंदू-मुस्लिम सलोख्याविषयी आपल्या गावात जे बोलले जाते, त्यात नाना कधी बसले नाहीत. कोल्हापूरचा मला अभिमान आहे. गायक अल्लादियाखाँसाहेबांना महाराजांनी इथे आणले आणि त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गायनाची सेवा करीत, हे या गावात कोणालाही नवल वाटले नाही. १९८५ आणि १९८६ या दोन्ही वर्षी मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा कितीतरी तालमींनी गणपती आणि मोहरमचा पंजा एकाच मांडवात बसवले होते. आम्ही मुले एका हातात मोदक आणि दुसऱ्या हातात मोहरमचा गोड चोंगा घेऊन गल्लीबोळ फिरलो. नाना मात्र पंजाला जात नसत. मोहरमच्या नवव्या आणि दहाव्या दिवशी ते रोजा धरून घरात वाचत बसत. हे दुःखाचे दिवस आहेत, एवढेच सांगत. पंजाला नारळ वाढवणारा मुसलमान सगळ्यांना आपला वाटतो. कट्ट्यावर बसून राहणाऱ्याचा आदर करणे अवघड असते, आणि ते मी आजीकडून शिकलो.

शिकलो असे म्हणताना एका दिवसाची कबुली दिली पाहिजे. १८ एप्रिल १९८६, शुक्रवार. शारजात शेवटच्या चेंडूवर मियाँदादने षटकार मारला आणि भारत हरला. त्या संध्याकाळी मी नानांच्याच घरी होतो. मामाने रेडिओ बंद केला, नानांनी "जाऊ दे" म्हटले, आणि गल्ली लवकर झोपली. दुसऱ्या दिवशी, शनिवारच्या सकाळच्या शाळेत, सातवीच्या आमच्या वर्गातला एक मुलगा छातीठोकपणे सांगू लागला की काल रात्री त्या गल्लीत फटाके वाजले. गल्लीचे नावही त्याने घेतले. सगळे चिडले, आणि मग जे बोलले गेले ते मी इथे लिहिणार नाही. माझे आडनाव वडिलांचे. माझ्यासमोर बोलताना कोणाला जीभ आवरावी लागत नसे. मी बाकावर गप्प बसून राहिलो.

घरी आल्यावर मी ते आजीला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, "तू तिथंच हुतास न्हवं?" मी हो म्हटले. ती पुढे काही बोलली नाही, आणि रविवारभर माझ्या पोटात काहीतरी घट्ट बसून राहिले.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी विज्ञानाच्या सरांना गाठले. प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ झाली की ते पान फाडायला लावत. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि तासाला मला उभे केले. "जे पाहिलंस तेवढंच सांग. कोणाला काही वाटेल, काय नाही, ते सांगू नकोस." मी सांगितले. माझे नाना त्या गल्लीत राहतात, मी तिथे होतो, फटाका वाजला नाही. वर्ग शांत झाला. सरांनी फटाक्यांची गोष्ट सांगणाऱ्याला विचारले, "तू ऐकलेस की कोणाकडून ऐकलेस?" तो म्हणाला, कोणाकडून तरी. सरांनी त्याला रागावले नाही आणि माझी पाठही थोपटली नाही. फळ्याकडे वळून धडा पुढे सुरू केला. तो मुलगा आज माझा जवळचा मित्र आहे आणि हा प्रसंग लिहायला त्याची परवानगी आहे.

त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला. शाळेची पुस्तके बांधायला मी नानांच्या हाताखाली बसलो. ऊन मी म्हणत होते. त्यांनी पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नसे आणि तरीही दाभणाने पाडलेली भोके सरळ रेघेत येत. खळ शिजवताना ते तीत मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नाही. पोथी असो, कुराण असो, बांधायला घेण्याआधी ते हात धूत, आणि कोणतेही पुस्तक जमिनीला टेकू देत नसत. आमच्या ग्रंथालयाच्या ज्ञानेश्वरीची प्रत मी त्या उन्हाळ्यात पाटावर ठेवून शिवली आहे. एकदा दुपारी एकादशी आणि रोजा एकाच दिवशी आले. शाळेची यादी द्यायला आजी आली होती. तिने वरईचा डबा पिशवीतून बाहेरच काढला नाही. "माझा उपास तो काय, फराळ करूनचा," एवढे म्हणाली आणि सूर्य मावळेपर्यंत तीही पाण्याविना बसली.

कडा कापताना अक्षरे असलेली कात्रणे निघत. नाना ती केरात टाकत नसत. दाराशी खुंटीला एक मांजरपाटाची पिशवी असे. मराठी, अरबी, मोडी, सगळी कात्रणे त्याच पिशवीत जात, आणि भरली की ते पंचगंगेवर जाऊन ती ठंडी करून, म्हणजे पाण्यात सोडून, येत.

ते वारले तेव्हा पिशवी अर्धी भरलेली होती. मामा आणि मी ती घेऊन घाटावर गेलो. तरंगू नये म्हणून आत दगड घातला आणि तोंड सुतळीने बांधले. फेकायची नाही, हाताने पाण्यात सोडायची, असे नाना सांगत. मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि सोडली.