वाया घालवलेली एक चाल

सुवर्णमहोत्सवी अंकात आठवणी लिहायची रीत आहे. पण शाळेच्या बुद्धिबळाच्या पटाबद्दल लिहायचं, तर एखादी स्थिती मांडलेलीच बरी. पट समोर घेऊनच वाचा.

घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी. पांढरे: राजा डी५, प्यादी ए५ आणि सी६. काळे: राजा सी८, प्यादं ए६. खेळी पांढऱ्याची. एंडगेमच्या, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याच्या, पुस्तकांत ही स्थिती फार्नी-अलापिन डावाच्या नावानं भेटते.

आधी सरळ घुसून पाहा. राजा डी६ केलात तर काळा डी८ वर येतो. मग प्यादं सी७ शह, काळा सी८, आणि प्यादं राखायला तुमचा राजा सी६ वर गेला की स्टेलमेट: शह नाही, पण काळ्याला चालही नाही, म्हणून बरोबरी. राजा सी५ केलात तर काळा सी७ वर येतो, बी६ आणि डी६ दोन्ही वाटा बंद. गंमत म्हणजे मूळ स्थितीत खेळी काळ्याची असती तर तो हरला असता. तेव्हा एक चाल वाया घालवायची, एवढंच काम.

त्यासाठी मागे या: राजा सी४. इथून सी५ आणि डी५ दोन्ही एका पावलावर, म्हणून काळ्यालाही सी७ आणि सी८ दोन्ही हाताशी हवीत. तशी घरं दोनच, बी८ आणि डी८. समजा तो डी८ वर गेला. आता राजा डी४! नवखी मुलं इथे घाईनं डी५ वर परततात. काळा सी८ वर येतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डी४ वरूनही तोच दुहेरी धाक आहे. काळ्याला हलावं तर लागणार, आणि डी८ वरून एका चालीत बी८ गाठता येत नाही. तो सी८ वर आला की राजा डी५. तुम्ही तीन चालींत डी५-सी४-डी४-डी५ असा त्रिकोण फिरलात, तो दोन चालींत जागेवर आला, आणि खेळी त्याच्या गळ्यात पडली.

आता तो सी७ वर आला तर राजा सी५. तिथून तो सी८ ला गेला तर बी६ वरून ए६ चं प्यादं खा. डी८ किंवा बी८ ला गेला तर राजा डी६. सी५ च्या आधीच तो डी८ किंवा बी८ ला सरकला तरी उत्तर डी६ च. मग काळा सी८, प्यादं सी७, काळा बी७, राजा डी७, काळा ए७. इथे हात आवरा! सी८ वर वजीर केलात की स्टेलमेट, जिंकलेला डाव बरोबरीत. आधी राजा सी६, काळा ए८, मग सी८ वर वजीर शह, काळा ए७, वजीर बी७ मात.

त्रिकोणाला तुमच्या राजाला एकमेकांना लागून असलेली तीन मोकळी घरं हवीत, समोरच्याला मात्र तेवढी ऐसपैस जागा नको. काळ्याकडे प्याद्याची एखादी फुकट चाल उरली असेल तर आधी ती संपवून घ्या, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

वजिरालाही हे जमतं. पांढरा राजा सी६, वजीर ए५. काळा राजा बी८, हत्ती बी७. वजीर ई५ शह, काळा ए७, वजीर ए१ शह, काळा बी८, वजीर ए५. स्थिती तीच, खेळी काळ्याची. घोड्याला मात्र कधीच नाही. दर चालीला त्याच्या घराचा रंग बदलतो, त्यामुळे मूळ घरी यायला त्याला सम चालीच लागतात.