चर्चमधला आसरा प्रत्यक्षात कसा चालतो

चर्चने कुणाला आसरा दिला म्हटलं की आपल्या मनात तळघर, कुजबुज, मागचं दार असलं काहीतरी येतं. जर्मनीत १९८३ पासून चालत आलेली पद्धत याच्या अगदी उलट आहे. देशाबाहेर काढलं जाण्याच्या बेतात असलेला माणूस चर्चच्या आवारात राहायला आला की त्याच दिवशी मंडळी (म्हणजे त्या चर्चचा सभासदवर्ग) सरकारला लेखी कळवते: अमुक व्यक्ती, अमुक पत्त्यावर, आमच्याकडे आहे. हे पत्र गेलं नाही तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

याचं कारण मुदतीच्या गणितात आहे. तिथली बहुतेक प्रकरणं ‘डब्लिन’ची, म्हणजे आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने तपासायचा हे ठरवणाऱ्या युरोपीय नियमावलीखालची असतात. निर्वासिताची पहिली नोंद बल्गेरियात किंवा क्रोएशियात झाली असेल तर त्याचा अर्ज त्याच देशाने तपासायचा, जर्मनीने त्याला तिकडे पाठवायचं. पण त्या देशाने ‘घेतो’ म्हटल्यापासून सहा महिन्यांत पाठवणी झाली नाही, तर अर्ज तपासण्याची जबाबदारी जर्मनीवर येते. माणूस फरार झाला तर मात्र हीच मुदत अठरा महिन्यांपर्यंत ताणता येते. आता ज्याचा पत्ता सरकारच्या फायलीत आहे, त्याला फरार कसं म्हणणार? २०१८ पासून आश्रयाचे अर्ज हाताळणारं सरकारी कार्यालय बऱ्याच प्रकरणांत तसंच म्हणू लागलं होतं. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते मान्य केलं नाही. (हे गणित २०१३ च्या नियमावलीचं. २०२४ मध्ये युरोपने नवे नियम मंजूर केले आहेत, त्यांत फरार माणसासाठीची मुदत आणखी वाढते.)

सुरुवात एका मृत्यूनंतर झाली. जेमाल केमाल अल्तुन या तुर्की तरुणाने प्रत्यार्पणाच्या भीतीने ऑगस्ट १९८३ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाच्या खिडकीतून उडी मारून जीव दिला. त्याच वर्षी बर्लिनच्याच क्रॉइत्सबर्ग भागातल्या होली क्रॉस मंडळीने लेबनॉनला पाठवल्या जाणाऱ्या पॅलेस्टिनी कुटुंबांना आपल्याकडे ठेवून घेतलं. पुढे शेकडो मंडळ्यांनी हेच केलं. लक्षात घ्या, यामागे कायदा कुठलाच नाही. पोलिसांना दारातून आत येण्याची मुभा आहे. ते बहुधा येत नाहीत, इतकंच. कधी येतातही. डिसेंबर २०२३ मध्ये श्वेरिनच्या एका मंडळीत ते शिरलेच होते.

निर्णय पाळकाने, म्हणजे धर्मगुरूने, एकट्याने घ्यायचा नसतो. पंचमंडळीची, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांची बैठक, मतदान, इतिवृत्त. त्याआधी वकिलाने कागद पाहिलेले हवेत, कारण सर्वांत जास्त घोटाळा तारखेत होतो. सहा महिने जर्मनीत पाऊल ठेवल्यापासून किंवा चर्चमध्ये आल्यापासून मोजले जात नाहीत. दुसऱ्या देशाच्या होकारापासून मोजले जातात, आणि मध्ये न्यायालयाने स्थगिती दिली असेल तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ‘दोनच महिने उरलेत’ असं समजून घेतलेला पाहुणा सात महिने राहतो, आणि मंडळीत धुसफूस सुरू होते.

मग टिपण. २०१५ मध्ये चर्चेस आणि सरकारी कार्यालय यांच्यात ठरलं की प्रत्येक प्रकरणाची वेगळी कैफियत चर्चच्या नेमलेल्या संपर्क-व्यक्तीमार्फत पाठवायची. २०१८ पासून त्याला चार आठवड्यांची मुदत आहे. फेटाळलं जाणारं टिपण ओळखू येतं: ‘त्या देशात निर्वासितांचे हाल होतात’ अशी चार पानं, आणि या माणसाचं काय झालं ते चार ओळींत. खरं तर उलट हवं. कोठडीची तारीख, जखमेचा डॉक्टरी दाखला, मानसोपचारतज्ज्ञाचं मत, जर्मनीत आधीच असलेला सख्खा भाऊ. नकार आला तर माणसाने तीन दिवसांत बाहेर पडावं अशी सरकारची अपेक्षा असते. बऱ्याच मंडळ्या तरीही त्याला ठेवून घेतात, आणि तिथून खटल्याची टांगती तलवार पाळकावर येते.

रोजचं जगणं तसं रुक्ष असतं. प्रार्थनागृहाला लागून खोली असते, पण नहाणीघर नसतं. आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, त्यामुळे भाजी, औषध, सिमकार्ड सगळं कुणीतरी आणून द्यायचं. सरकारी भत्ता आणि आरोग्यविमा बहुधा मिळत नाही. दाढ दुखली तर फी न घेणारा दंतवैद्य आधीच शोधून ठेवलेला बरा. पहिल्या आठवड्यात वीस जण डबे आणतात, तिसऱ्या महिन्यात तिघं. म्हणून अनुभवी मंडळ्या डब्यांच्या भानगडीत न पडता चूल आणि किराणा देतात. माझ्या मते हेच शहाणपणाचं, कारण स्वतःचं जेवण स्वतः रांधणारा माणूस कमी खचतो.

नेदरलँड्समधल्या हेगच्या बेथेल चर्चची गोष्ट निराळी, कारण तिथे खरोखर कायदा होता. उपासना चालू असताना उपासनेच्या जागी अधिकाऱ्यांनी शिरायचं नाही, असं डच कायदा सांगतो. रंगेहाथ गुन्ह्यासारखे अपवाद वेगळे. मग एका आर्मेनियन कुटुंबासाठी २६ ऑक्टोबर २०१८ ला सुरू केलेली उपासना चर्चने ३० जानेवारी २०१९ पर्यंत थांबवलीच नाही. ९६ दिवस, दोन हजार तीनशेच्या आसपास तास, निरनिराळ्या पंथांचे शेकडो पाळक, त्यांतले काही परदेशातून आलेले. यातली मेख पाळी बदलण्याच्या क्षणी असते: पुढचा पाळक उभा राहून वाचू लागेपर्यंत आधीच्याने ‘आमेन’ म्हणून निघायचं नाही. प्रवचनांचा साठा केव्हाच संपतो. रात्री तीन वाजता स्तोत्रं आणि वाचनंच कामाला येतात. शेवटी सत्तारूढ पक्षांनी सुमारे सातशे मुलांचे नाकारलेले अर्ज पुन्हा तपासायचं कबूल केलं, तेव्हा उपासना संपली.

आपल्याकडे नाशिकचं शरणपूर आहे, १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे शाळा आणि हातकाम मिळालं. आफ्रिकेत वारलेला मिशनरी आणि शोधप्रवासी लिव्हिंगस्टन याच्या शवाबरोबर इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट तिथलाच. पण ती मुलं ब्रिटिश सरकारनेच मिशनच्या हवाली केलेली होती. तिथे चर्चला सरकारसमोर उभं राहावं लागलं नव्हतं.

जर्मनीतला मुक्काम संपतो तोही कागदाने. मुदत उलटली म्हणून त्याच संध्याकाळी फाटकाबाहेर पडायचं नाही. जबाबदारी जर्मनीकडे आल्याचं वकिलाने सरकारी कार्यालयाकडून लेखी मिळवायचं, त्याची प्रत खिशात ठेवायची, मग निघायचं. खरी आश्रयाची मुलाखत तर अजून व्हायचीच असते. तिची तयारी करून घेणं, हे मंडळीकडून सर्वांत जास्त वेळा राहून जाणारं काम.