तुम्ही विचारलंत म्हणून: ही कासवं परत इथेच येतात का?

दरवर्षी मार्च लागला की मी कोकणातल्या वेळासला जातो, समुद्री कासवांची पिल्लं सोडतात तिथे. काम फार थोर नसतं. पहाटे पुळणीवर दोरीच्या अलीकडे लोकांना थोपवून धरायचं, 'फ्लॅश बंद करा' म्हणून ओरडायचं आणि विचारतील त्याची उत्तरं द्यायची. हॅचरीतली, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातली, टोपली उचलली, पिल्लं ओल्या वाळूत सोडली, शेवटचं पिल्लू लाटेने उचलून नेलं, की शेजारून कुणीतरी विचारतंच: "मोठी झाली की ही अंडी घालायला परत इथेच येतात ना?"

त्या 'ना'तच सगळं आलं. विचारणाऱ्याला 'हो' हवं असतं. बातम्यांत तर 'माहेरपण' हा शब्द हमखास येतो. मीही बरीच वर्षं बिनदिक्कत 'हो' म्हणत आलो. 2025 च्या जानेवारीपासून मात्र माझं उत्तर लांबलं आहे आणि चहा थंड होईपर्यंत लोक ते ऐकून घेतात, म्हणून इथे लिहून काढतो.

27 जानेवारी 2025 ला गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या जातीची एक मादी अंडी घालायला आली. तिच्या फ्लिपरवर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर, धातूची छोटी पट्टी होती, आकडा 03233. तो आकडा महाराष्ट्राचा नव्हता. भारतीय प्राणी सर्वेक्षणच्या लोकांनी 2021 च्या मार्चमध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला ती पट्टी लावली होती. म्हणजे बंगालच्या उपसागरातली बाई अरबी समुद्रात उगवली. श्रीलंकेला वळसा घालून ती आली असं धरलं, तर अंतर सुमारे 3500 किलोमीटर भरतं. तिने 120 अंडी घातली, त्यातून 107 पिल्लं निघाली.

आता गंमत बघा. 'कासव अंडी घालायला साडेतीन हजार किलोमीटर आलं' अशी बातमी सगळीकडे फिरली. पट्टी खरं तर एवढं सांगतच नाही. पट्टी दोन टिंबं देते: मार्च 2021 ला गहिरमाथा, जानेवारी 2025 ला गुहागर. मधल्या जवळजवळ चार वर्षांत ती कुठे होती, किती वेळा इकडून तिकडे गेली, कोणत्या वाटेने गेली, यातलं काहीही त्या पत्र्यावर लिहिलेलं नसतं. वाट बघायची तर पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र चिकटवावं लागतं. तसं 2022 साली वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या पाच माद्यांवर बसवलं होतं. वेळासची ती 'प्रथमा'. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' तर दक्षिणेकडे जात जात श्रीलंकेपलीकडे बंगालच्या उपसागरात पोचली. तेव्हा हा रस्ता कासवांना ठाऊक आहे याची चाहूल आधीच लागली होती. 03233 ने उलट्या बाजूने पावती दिली.

आणखी एक. पट्टी लावली तेव्हा 03233 पूर्ण वाढलेली मादी होती. तिचा जन्म कुठला, गहिरमाथ्याचा की कोकणातला, हे पट्टीवरून कळत नाही. ओडिशात ती परगावी गेली होती आणि गुहागरला घरी आली, असंही असू शकतं. नेमकं उलटंही असू शकतं.

मग जन्माचा किनारा ओळखण्याची गोष्ट खोटी का? नाही. तिला चांगला पुरावा आहे, पण तो बराचसा दुसऱ्या जातीचा आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातले केनेथ लोमन आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं लॉगरहेड नावाच्या समुद्री कासवांच्या मागे आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागोजागी वेगळं असतं, त्याचा जोर वेगळा आणि जमिनीशी होणारा कोनही वेगळा. विषुववृत्ताजवळ ते जवळपास आडवं असतं, ध्रुवाकडे जावं तसं खाली झुकत जातं. त्यामुळे किनाऱ्याच्या प्रत्येक पट्ट्याला आपली एक खूण असते आणि पिल्लू ती खूण मनात घेऊन जातं. हे क्षेत्र हळूहळू सरकतही असतं. 2015 साली त्यांनी फ्लोरिडातल्या घरट्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या. जिथे या चुंबकीय रेषा एकमेकींजवळ सरकल्या होत्या, तिथे घरट्यांची दाटीही वाढलेली सापडली. खूण सरकली, तशा माद्याही सरकल्या.

2025 च्या फेब्रुवारीत त्याच गटाचं जे काम छापून आलं, ते मला त्याहून आवडतं. लहान लॉगरहेड टाकीत ठेवले, भोवती तारांची वेटोळी लावून कुठल्या कुठल्या समुद्राचं चुंबकीय क्षेत्र तयार केलं. एका क्षेत्रात खाऊ द्यायचा, दुसऱ्यात नाही. काही आठवड्यांनी खाऊवाल्या क्षेत्रात नेलं की ही पिल्लं खाऊ समोर नसतानाच नाचू लागली: डोकं पाण्याबाहेर, तोंड उघडं, पुढचे फ्लिपर फटफट, मधूनच स्वतःभोवती गिरकी. जेवणाच्या ताटावर बसलेल्या बाळाने हात आपटावेत तसं. म्हणजे 'ही ती जागा' हे त्यांना शिकता येतं आणि लक्षातही राहतं. आणखी खोल गोष्ट अशी की विशिष्ट रेडिओलहरी सोडल्यावर त्यांची दिशा चुकली, पण नाच चुकला नाही. जागा ओळखण्याची यंत्रणा वेगळी आणि दिशा धरण्याची वेगळी, असं त्यावरून दिसतं.

ऑलिव्ह रिडले मात्र स्वभावाने जरा मोकळीच. गहिरमाथ्याला त्या लाखोंनी एकदम येतात, आपल्याकडे एकेकटी. एका किनाऱ्याला चिकटून राहण्यात ती हिरव्या कासवाएवढी कट्टर नाही. म्हणून आता मी सांगतो: त्या भागात येण्याची शक्यता बरी आहे, याच पुळणीवर येईलच असं नाही.

गेल्या खेपेला पुण्याचा एक चौथीतला मुलगा होता. त्याने एका पिल्लाचं नाव 'बंड्या' ठेवलं आणि विचारलं, "बंड्या परत येईल तेव्हा मी कितवीत असेन?" हिशेब केला. वयात यायला दहा-पंधरा वर्षं. म्हणजे कॉलेज संपत आलेलं. मग म्हणालो, पण बंड्या मुलगा निघाला तर तो येणारच नाही. नर एकदा समुद्रात गेले की किनाऱ्यावर पाय ठेवत नाहीत. मुलगा की मुलगी हे वाळूच्या उबेवर ठरतं, वाळू तापली की माद्या जास्त. मार्चमधलं ऊन बघता तो मुलगी असण्याचीच शक्यता जास्त, असं त्याला सांगितलं. त्याने जरा विचार केला आणि नाव बदलून 'बंडी' केलं. त्याची आई मला रागाने बघत होती, कारण हजारातलं एखादंच मोठं होतं असा ढोबळ अंदाज मी नुकताच सगळ्यांना सांगून बसलो होतो.

या फेब्रुवारीत एका रात्री गुहागरच्या पुळणीवर कासवमित्रांबरोबर चालत होतो. ट्रॅक्टरच्या चाकासारखी ओळ दिसली, ओळीच्या टोकाला ती. अंडी घालून झाली होती. मागच्या फ्लिपरांनी वाळू ओढत होती आणि मग अंग या कुशीवर, त्या कुशीवर टाकून ती वाळू ठोकून बसवत होती. धप, धप. गाज थांबली की तेवढंच ऐकू यायचं. पूर्वी मी तिच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघायचो (ते रडणं नाही, अंगातलं मीठ बाहेर टाकणं असतं). यावेळी लाल टॉर्च घेऊन आधी फ्लिपरकडे वाकलो. डावा पाहिला, वळसा घालून उजवा पाहिला. काही नव्हतं. तिने आणखी दोन-चार वेळा वाळू ठोकली, तोंड समुद्राकडे वळवलं आणि गेली.