सुंगटं सोलणारे हात

आज मालवणच्या मासळी बाजारात सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलणाऱ्या एका मावशींची बोटं बघितली आणि जीव तिथेच अडकला. नखांच्या कडा सुजून लाल, नखं पिवळट, त्यांवर आडव्या रेघा. विचारलं तर म्हणाल्या, "पावसात असताच गो ह्यां."

असतं, पण असायला नको. दिवसभर हात बर्फाच्या पाण्यात, वर सुंगटांच्या काट्यांचे ओरखडे. नखाच्या मुळाशी त्वचेची बारीक पट्टी असते, ती पाणी आणि जंतू आत जाऊ देत नाही. सततच्या ओलाव्याने ती सुटते आणि मग बुरशी, बॅक्टेरिया सगळ्यांना वाट मोकळी. ६ आठवड्यांहून जास्त रेंगाळलं की ते जुनाट नखुरडं. डॉक्टर मलम देतात, पण हात कोरडे राहिले नाहीत तर ते पुन्हा उलटतं. रबरी हातमोजे घालावेत, आत सुती. ओले झाले की बदलावेत. बाजारात हे कोण पुरवणार, हा माझा खरा राग आहे.

एकाएकी ठणकणारं नखुरडं वेगळं, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस जंतूचं. सुरुवातीला दिवसातून ३-४ वेळा कोमट पाण्यात बोट बुडवून शेकावं. पू धरला तर डॉक्टरकडेच जावं. घरी सुईने फोडू नका, हात जोडून सांगते. मधुमेह असेल तर वाटच बघू नये.

मावशींना साखर आहे. उद्या बाजार आटोपला की आम्ही दोघी दवाखान्यात जातोय, टोपली त्यांची सून सांभाळणार आहे.