हात धरले ती चार मिनिटं

रात्री अडीचला वॉर्डातून फोन आला. "सात नंबरचे आजोबा सलाईन उपटतायत. हात बांधू का?"

वय ७८, खुब्याच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. ऑक्सिजनची नळी फेकलेली, एक पाय कठड्याबाहेर, आणि तोंडी एकच वाक्य: "मला जाऊ द्या."

निर्णयक्षमता तपासताना चार गोष्टी बघतात. सांगितलेलं कळलं का, ते आपल्याच बाबतीत आहे हे उमगलं का, दोन्ही बाजू तोलता येतात का, आणि काय हवं ते सांगता येतं का. सलाईन कशासाठी लावलंय, असं विचारलं तर उत्तर आलं, "गाडी सुटेल." वार उलटे म्हणायला सांगितले, दुसऱ्याच वाराला अडकले. संध्याकाळी हेच आजोबा नीट बोलत होते. म्हणजे डेलिरियम, आजारपणातला तात्पुरता भ्रम: अचानक सुरू होतो, घटकेत चढतो, घटकेत उतरतो, लक्ष टिकत नाही.

क्षमता नाही म्हटलं की बळजबरीचा परवानाच मिळाला, असं वॉर्डात सर्रास धरून चालतात. पण आजोबांचा हात सारखा पांघरुणाखाली जात होता. चार्ट बघितला. लघवीची नळी संध्याकाळी पाचला काढलेली, त्यानंतर लघवीचा रकाना कोरा, आणि सलाईन एक लिटर गेलेलं. बेंबीखाली हात ठेवला तर घट्ट गोळा. मूत्राशयाच्या स्कॅनरवर ८५० मिली लघवी. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं आणि आडवं पडून राहणं, दोन्हींनी लघवी तुंबते.

शांत करणारं औषध, अर्धा मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल, दिलं असतं तर ते कदाचित गप्प झाले असते, मूत्राशय मात्र तसंच राहिलं असतं. हात बांधले असते तर ओढाताण वाढली असती. बांधणं अगदीच टळत नसेल तर पट्टा पलंगाच्या सांगाड्याला बांधायचा, कठड्याला कधीच नाही. आत दोन बोटं जातील एवढा सैल, गाठ एका झटक्यात सुटणारी, आणि दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग नि ऊब बघायची.

लघवीची नळी परत घालायलाही ते "नको"च म्हणत होते. म्हणजे बळजबरी इथेही होतीच. पण भान येईपर्यंत थांबावं, तर भरलेलं मूत्राशयच ते येऊ देत नव्हतं. सुन्न करणारी जेली आत सोडून पाच मिनिटं थांबलो, तेवढ्या वेळात कुणी त्यांना धरलं नाही. मग दोघांनी हात धरले, मनगटाच्या सांध्यावर जोर न देता, छातीवर भार न टाकता. बोलायचं एकानेच. १४ नंबरची नळी शेवटपर्यंत आत सरकवून लघवी दिसल्यावरच नळी आत टिकवणाऱ्या फुग्यात १० मिली पाणी भरलं. रुग्ण हलत असताना घाई केली तर फुगा मूत्रमार्गातच फुगतो आणि रक्त येतं. चार मिनिटं लागली. वेळ, कारण, कुणी धरलं, किती वेळ, सगळं चार्टवर लिहिलं. अर्ध्या तासात आजोबा झोपले.

सकाळी सिस्टरना खणात त्यांचं कानाचं यंत्र सापडलं. ऑपरेशनआधी काढून ठेवलेलं. रात्रीची माझी सगळी तपासणी यंत्राविना झाली होती. डेलिरियम होताच, पण पहिल्या प्रश्नाआधी चष्मा आणि यंत्र बघायला हवं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी डोकं स्वच्छ. रक्त पातळ करणारी पोटातली इंजेक्शनं त्यांनी नाकारली. ती घेतली नाहीत तर पायात गुठळी होऊन फुप्फुसात जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो, हे त्यांनीच आपल्या शब्दांत सांगितलं. पूर्वी अशाच औषधाने पोटात रक्तस्राव झाला होता, त्याची भीती त्यांना जास्त होती. माझ्या मते निर्णय चुकीचा होता. मुलगा चिडला. "परवा धरून नळी घातलीत, आज का विचारत बसलात?" क्षमता त्या वेळेपुरती, त्या एका निर्णयापुरती मोजतात, हे त्याला समजावायला नळी घालण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पोटऱ्या दाबणारा पंप आणि लवकर चालणं आजोबांनी मान्य केलं.

त्या रात्री काय केलं, का केलं, तेही त्यांना सांगितलं. हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कानात यंत्र घालायला काय झालं होतं?"